गरुडसर

नव्याने रुजू झालेल्या बाईंचं अक्षर सुंदर, म्हणून विज्ञान दिनाचा फलक त्यांच्याकडे दिला होता. प्रमुख पाहुण्यांचं नाव काय, हे त्यांनी घाईघाईत मुलांना विचारलं. मुलं एका सुरात म्हणाली, "गरुडसर!" बाईंनी रंगीत खडूने, भोवती वेलबुट्टी काढून लिहिलं : 'प्रमुख पाहुणे – मा. श्री. गरुड सर'.

पाहुण्यांचं आडनाव गरुड नाही. मी फलक पाहिला तेव्हा ते फाटकातून आत येत होते, त्यामुळे पुसायलाही वेळ नव्हता. ते फलकासमोर थांबले. चष्मा वर केला, खाली केला. मग वळून मला म्हणाले, "एक फोटो घ्या ना सर. फलक पूर्ण आला पाहिजे." त्यांना ती पदवी वाटली.

तशी ती आहेच. गेली अकरा वर्षं हे गृहस्थ आमच्या शाळेत येताहेत आणि दर वेळी एकाच गरुडाची गोष्ट सांगताहेत. पाचवीत आलेलं मूल दहावीतून बाहेर पडेपर्यंत तो गरुड किमान बारा वेळा ऐकतं. माजी विद्यार्थी बाजारात भेटले की पाढे विसरल्याचं कबूल करतात, पण गरुड विसरलेला एकही भेटलेला नाही.

तसं आमच्या केळव्याला पाहुण्यांचं वावडं नाही. शनिवार-रविवारी मुंबईहून माणसं येतात, सुरूच्या बागेत चटया पसरतात, घोडागाडीत बसतात, शितलादेवीचं दर्शन घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. हे पाहुणे पैसे देतात आणि भाषण करत नाहीत. शाळेला मिळणारे पाहुणे नेमके याच्या उलट असतात.

शाळेला पाहुणे लागतात तरी किती? कॅलेंडर काढून बघा. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंती, त्यात २०१४ पासून आमच्या पालघर जिल्ह्याचा वाढदिवसही त्याच दिवशी. मग ५ सप्टेंबर शिक्षक दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, १४ नोव्हेंबर बालदिन, २६ नोव्हेंबर संविधान दिन, २२ डिसेंबर गणित दिन, ३ जानेवारी बालिका दिन, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, आणि दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन. त्यात आता शनिवारही आनंददायी करायचा असतो. प्रत्येक दिवसाला एक फलक, एक तसबीर, एक हार आणि एक पाहुणा. तसबिरी आमच्याकडे आहेत. हार समोरच्या वाडीतल्या फुलांचा होतो. अडतं ते पाहुण्यापाशी. आणि ते अडलेलं सोडवायचं काम, म्हणजे सहशालेय उपक्रमांची जबाबदारी, माझ्याकडे आहे. ज्या बैठकीत ती वाटली गेली, तिला मी दहा मिनिटं उशिरा पोहोचलो होतो.

गरुडसरांचा जन्म, वक्ता म्हणून, माझ्या डोळ्यांदेखत झाला. तोही विज्ञान दिनच होता. ठरलेले पाहुणे मुंबईहून यायचे होते आणि त्यांची गाडी विरारला खोळंबली होती. विरार-डहाणू लोकल २०१३ मध्ये सुरू झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, पण लोकल असणं आणि ती वेळेवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय केळवे रोड स्टेशन आणि केळवे गाव यांच्यात नावापुरतंच सख्य. मधलं अंतर रिक्षानेच कापायचं, आणि रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही. मुलं पटांगणात बसलेली, ऊन चढलेलं, रामनांच्या तसबिरीवरची झेंडूची फुलं माना टाकायला लागलेली.

अशा वेळी ऑफिसच्या खिडकीशी एक गृहस्थ पुतण्याचं बोनाफाईड घ्यायला उभे होते. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मोठ्या सरांनी शर्ट पाहिला, पेनं पाहिली आणि पात्रतेची तपासणी पूर्ण झाली.

"काका, दोन शब्द बोलाल का मुलांशी?"

त्या माणसाचा खरेपणा मला आजही आठवतो. ते घाबरून म्हणाले, "अहो, मी काय बोलणार? मी बोईसरच्या कंपनीत स्टोअरला होतो. आता व्हीआरएस घेऊन वाडी बघतो. मला नटबोल्टचा हिशेब येतो."

"दोनच शब्द हो."

ते दोन शब्द गेली अकरा वर्षं चालू आहेत.

दुर्दैव असं, की त्याच दिवशी सकाळी त्यांच्या फोनवर गरुड येऊन बसला होता. गोष्ट तुम्हालाही आली असेल. गरुड चाळीस वर्षांचा होतो. त्याची नखं वाकतात, चोच छातीला टेकते, पंख जड होतात. मग तो उंच डोंगरावर जातो, खडकावर आपटून आपटून स्वतःची चोच तोडतो, नवी चोच आली की तिने नखं उपटतो, नवी नखं आली की त्यांनी पिसं उपटतो, आणि पाच महिन्यांनी नवाकोरा होऊन आणखी तीस वर्षं जगतो. काकांनी ही गोष्ट कापऱ्या आवाजात सांगितली. आवाज भीतीने कापत होता, पण मुलांना तो भावनेने कापतोय असं वाटलं. टाळ्या पडल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तीस वर्षं वॉशर मोजलेल्या माणसाला पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या होत्या. आता हा माणूस थांबत नाही, हे मला तिथेच कळलं.

पुढची वाढ झपाट्याने झाली. पहिल्या वर्षी त्यांच्याकडे कार्ड नव्हतं. दुसऱ्या वर्षी कार्डावर 'व्याख्याते' होतं. तिसऱ्या वर्षी 'प्रेरणादायी वक्ते', मग 'माइंड ट्रेनर', मग 'लाइफ कोच'. सध्याच्या कार्डावर 'आंतरराष्ट्रीय' आहे. ते सहकुटुंब पशुपतिनाथाला गेले होते तेव्हा परतीच्या बसमध्ये, सीमा ओलांडण्याआधी, ड्रायव्हरच्या माईकवरून बोलले होते. खिशातली पेनं आता दोनाची तीन झाली आहेत. तिसऱ्यातून लाल उजेड पडतो. त्याने ते पडद्यावरच्या गरुडाची चोच दाखवतात.

त्यांचं भाषण म्हणजे आमच्याकडच्या भिजवलेल्या वालासारखं आहे, कशातही घाला. विज्ञान दिनाला गरुड म्हणजे संशोधक. बालिका दिनाला तोच गरुड मादी होतो. वाचन प्रेरणा दिनाला गरुड पुस्तकांच्या डोंगरावर बसतो. रस्ता सुरक्षा सप्ताहात तो वेगावर नियंत्रण ठेवून उडतो. मराठी भाषा गौरव दिनाला ते 'ईगल'ऐवजी कटाक्षाने 'गरुड' म्हणतात. बदल एवढाच.

गरुडाच्या मागून ठरलेला परिवार येतो. माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो. (मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण खाऊन टाकतो वीस टक्के ऊर्जा. नव्वद टक्के मेंदू नुसता बसून एवढं खात असेल, तर तो मेंदू नसून जावई म्हणावा लागेल.) आइनस्टाईन गणितात नापास झाला होता. (झुरिकची प्रवेश परीक्षा तो १८९५ मध्ये नापास झाला खरा, पण गणितात आणि विज्ञानात नव्हे. तो अडला फ्रेंचसारख्या विषयांत. आमची नापास मुलं मात्र गणिताची पाटी दाखवत 'मीही आइनस्टाईन' म्हणतात.) टाळ्या वाजवल्याने तळहातातले बिंदू दाबले जाऊन स्मरणशक्ती वाढते. हे सांगून झालं की ते टाळ्या मागतात. कानाला हात लावून म्हणतात, "मला ऐकू आलं नाही!" मुलं आणखी जोरात वाजवतात. सगळा कार्यक्रम दीड तासाचा असतो, त्यातला अर्धा तास त्यांना ऐकू येत नाही.

आणि नासा. एका विज्ञान दिनाला त्यांनी सूर्यातून येणारा ओम मुलांना ऐकवला. मोबाईलवरून, माईक लावून. म्हणाले, नासाने मुद्रित केलाय. मी शाळेत विज्ञान शिकवतो. आदल्याच तासाला मी त्याच मुलांना शिकवलं होतं की ध्वनीला माध्यम लागतं, निर्वात जागेतून आवाज जात नाही. पंधरा दिवसांनी चाचणीत एका मुलाने लिहिलं : 'ध्वनीच्या प्रसारणासाठी माध्यमाची आवश्यकता असते. फक्त ओमला नसते.' मी बराच वेळ तो पेपर धरून बसलो. मग अर्धा गुण दिला. मुलगा प्रामाणिक होता. जेवढं शाळेने शिकवलं तेवढं त्याने लिहिलं होतं.

सत्काराचं वेगळं सांगायला हवं. केळव्यात पाहुण्याला श्रीफळ देणं म्हणजे माहेरवाशिणीला तिच्याच परसातली फुलं देण्यासारखं आहे. गरुडसरांच्या स्वतःच्या वाडीत नारळाची झाडं आहेत, आणि शाळा नारळ विकत घेते तो दुकानदार नारळ घेतो त्यांच्याकडून. म्हणजे त्यांचाच नारळ दुकानातून शाळेत, शाळेतून त्यांच्या हातात आणि तिथून परत दुकानात जातो. एका नारळाला मी ओळखतो. त्याच्या शेंडीला निळी रिबीन आहे. तो तीन कार्यक्रमांना उपस्थित होता.

इतपत सगळं हसण्यावारी नेता येतं. मी नेतच होतो. पण दोन प्रसंग तसे गेले नाहीत.

एक १४ ऑगस्टचा. १९४२ साली या दिवशी पालघरच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. आमच्या भागात हा दिवस १५ ऑगस्टच्या तोडीचा आहे. गरुडसर हुतात्म्यांविषयी 'पाच नरवीर' एवढं म्हणाले आणि पाच नरवीरांवरून पाच महिन्यांवर, पाच महिन्यांवरून गरुडावर गेले. पहिल्या रांगेतली एक पाचवीतली मुलगी मध्येच उभी राहिली. तिला वाटलं, पाहुणे नावं विसरले. तिने मदत म्हणून घडाघडा सांगून टाकली : काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामप्रसाद भीमाशंकर तेवारी, रामचंद्र माधव चुरी, सुकुर गोविंद मोरे. आणि खाली बसली. गरुडसर म्हणाले, "व्वा! टाळ्या!" मग म्हणाले, "तर तो गरुड..."

दुसरा प्रसंग त्यांच्या 'आई' या भागाचा. हा भाग त्यांनी नंतर जोडला, कुठल्यातरी शिबिरात पाहून. मुलांना डोळे मिटायला लावायचे, मोबाईलवर बासरी लावायची आणि सांगायचं, आईच्या पायांच्या भेगा आठवा, आज घरी जाऊन तिच्या गळ्यात पडा. मुलं हुंदके देऊ लागली की कार्यक्रम यशस्वी. मोठे सरही डोळे पुसत होते. सातवीतला एक मुलगा उठला, पाणी प्यायला जातो म्हणाला आणि परत आला नाही. त्याला आजीने वाढवलंय. तो मला नंतर सायकल स्टँडच्या मागे सापडला. चाकातली हवा सोडत बसला होता. स्वतःच्याच चाकातली.

शाळेत खिचडी शिजते ना, तिचा एक नियम आहे. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने ती चाखायची आणि चवीच्या नोंदवहीत सही करायची. मी गेली कित्येक वर्षं मीठ कमी, डाळ बरी, असं लिहून सह्या केल्या आहेत. मुलांच्या पोटात काय जातं याला नोंदवही आहे. कानात काय जातं याला नाही. भाषण आम्ही न चाखताच वाढतो.

हे आमच्याकडेच घडतं असं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईतल्या एका सरकारी शाळेत एका प्रेरणादायी वक्त्याने सांगितलं, की अपंगत्व हे मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ असतं. ऐकणाऱ्यांत एक दृष्टिहीन शिक्षक होते. त्यांनी तिथल्या तिथे हरकत घेतली. पुढे वक्त्याला अटक झाली, शाळाप्रमुखांची बदली झाली आणि शाळांतल्या कार्यक्रमांसाठी नियम करू, असं सरकारने सांगितलं. बातमी वाचून आमच्या शिक्षकखोलीत दोन दिवस चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी विचारलं, "शिक्षक दिनाला कोण?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी काय करणार? मानधनाला पैसे नाहीत. अहवाल मात्र द्यायचा असतो आणि त्याला फोटो जोडायचा असतो. फोटोत पाहुणा बोलताना दिसला पाहिजे, काय बोलतो ते फोटोत ऐकू येत नाही. म्हणून पाहुणा ठरवताना 'कोणाला माहीत आहे?' हा प्रश्न कोणी विचारत नाही. प्रश्न एकच असतो, 'कोण मोकळं आहे?' आणि ज्याला माहीत असतं तो माणूस सहसा मोकळा नसतो.

पदवीवाला बोलावून पाहिला नाही असंही नाही. एकदा एक मोठे विद्वान आले होते. पन्नास मिनिटं बोलले. एकही वाक्य चुकीचं नव्हतं आणि एकही वाक्य मुलांपर्यंत पोहोचलं नाही. मागच्या रांगेत दोघं खांद्याला खांदा लावून झोपले होते. त्यांना मी उठवलं नाही, कारण मलाच जागं राहायला कष्ट पडत होते.

आणि गावात माहितगार नाहीत, असं थोडंच आहे? भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, असं आम्ही पुस्तकातून शिकवतो. इथला तांडेल ती तिथीवरून बोटांवर मोजून सांगतो. किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या वेळचा कोट आहे. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या मोहिमेत केळवे-माहीम मराठ्यांकडे आलं. त्या कोटाच्या भिंतीतला चुना अजून का धरून आहे, हे एखादा म्हातारा गवंडी हात लावून सांगेल. बोंबील वाळत घालणारी मावशी वाऱ्यावरून पावसाचा अंदाज देते. पण यातल्या एकाच्याही खिशाला दोन पेनं नसतात.

तर, यंदाचा विज्ञान दिन. फलक झाला, फोटो झाला, दीपप्रज्वलन तिसऱ्या काडीला झालं. निळ्या रिबिनीचा नारळ देऊन झाला. पडदा उजळला आणि गरुड आला. मुलं त्याच्या पुढे दोन वाक्यं होती. सरांनी "मग तो काय करतो?" विचारण्याआधीच "चोच तोडतो!" असा गजर व्हायचा. शेवटी सर नेहमीप्रमाणे म्हणाले, "कोणाला काही शंका?" हा प्रश्न ते विचारतात कारण अकरा वर्षांत कोणी शंका काढलेली नाही.

आठवीतली एक मुलगी उठली. मांगेलवाड्यातली. तिच्या घरासमोर मासळी वाळत असते, आणि घारींपासून ती राखायचं काम तिच्याकडे.

"सर, चोच तोडल्यावर नवी यायला किती दिवस लागतात?"

"छान प्रश्न! दोन महिने तरी."

"मग दोन महिने तो खातो काय?"

पटांगण शांत. इतकं, की सुरूच्या बागेतला वारा ऐकू आला.

"म्हणजे... तो तप करतो."

"आमच्याकडे एका घारीची चोच जाळ्यात अडकून मोडली होती, सर. ती सहा दिवसांत मेली. आम्ही बारीक मासळी टाकत होतो, तरी तिला तोडून खाता येईना."

गरुडसरांनी घाम पुसला. "बेटा, प्रश्न चांगला आहे, पण सकारात्मक नाही." ते पुढे काही बोलणार, एवढ्यात वीज गेली.

तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होतेय. देशातलं पहिलं अणुवीजकेंद्र आमच्याच जिल्ह्यात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्हाला म्हणीतून शिकावा लागत नाही. पडदा काळा झाला, माईक बंद पडला, बासरी गेली, लाल उजेडाचं पेन निरुपयोगी झालं. गरुडसर पायरीवर उभे होते, नुसते, पहिल्या दिवशी बोनाफाईडसाठी उभे होते तसे. मी घंटा द्यायला सांगणार होतो. तेवढ्यात त्यांनी समोरच्या तबकातलं पूजेचं विड्याचं पान सहज उचललं. उलटं केलं. अंगठ्याने देठ चाचपला.

"हे कोणी आणलं? कालचं आहे. आणि वेल उतरवायला झालीय त्यांची. पान बघा किती बारीक पडलंय."

"म्हणजे काय, सर?" पहिल्या रांगेतून कोणीतरी विचारलं.

आणि हा माणूस बोलायला लागला. आवाज कापत नव्हता. चढतही नव्हता. ते पायरीवर बसले. म्हणाले, पानवेलीचे नखरे नव्या नवरीचे. सावली हवी, पण काळोख नको. पाणी हवं, पण पायाशी साचलेलं नको. मुळाशी पाणी तुंबलं, की बुरशी धरते, आणि सकाळी टवटवीत दिसणारी वेल आठवड्यात उभ्याउभ्या वाळते. एक गेली की शेजारची जाते. "माझ्या वडिलांची अर्धी वाडी एका पावसाळ्यात गेली. आम्ही पाट काढला नव्हता, शेजाऱ्याशी भांडण होतं म्हणून." मग वेल उतरवणं सांगितलं. वेल वर वर जाते, मुळापासून लांब पडते, मग पान लहान होतं. म्हणून ती आधारावरून सोडवून खाली घ्यायची, जुन्या पिवळ्या वेलीचं वेटोळं करून मातीत पुरायचं आणि शेंडा तेवढा वर बांधायचा. पुरलेल्या पेऱ्यांना नवी मुळं फुटतात आणि पुन्हा तळहाताएवढं पान येतं. हाताने वेटोळं कसं करायचं ते त्यांनी माईकच्या वायरवर करून दाखवलं. मुलं मागच्या रांगांतून सरकत पुढे आली होती. मीही सरकलो होतो.

"आणि करंडीत भरलेली पानं फिरवायला लागतात," ते म्हणाले. "वरची खाली, खालची वर. सडकं दिसलं की काढायचं. एक राहिलं तर दिल्लीला पोचेपर्यंत सगळी करंडी गेली. माझी आजी कोडं घालायची. पान का सडलं? घोडा का अडला? भाकरी का करपली?"

"न फिरवल्यामुळे!" सगळं पटांगण ओरडलं. या वेळी त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं.

मला मनात आलं, हा माणूस अकरा वर्षं ज्या नव्या जन्माच्या शोधात गरुडाला डोंगरावर पाठवतोय, तो याच्या वाडीत दरवर्षी होतो. चोच न तोडता. आणि खरा.

तेवढ्यात वीज आली. पडदा उजळला. गरुड होता तिथेच, खडकावर, चोच आपटण्याच्या बेतात. गरुडसर दचकून उठले, पान तबकात ठेवलं, शर्ट सारखा केला, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "असो. विषयाकडे येऊ."

कार्यक्रमानंतर शिक्षकखोलीत ते चहा घेत होते. बिस्कीट बुडवून धरलं होतं. हळूच म्हणाले, "सर, ती मुलगी म्हणाली ते खरं का हो?"

मी सांगितलं. चोच हाडावर चढलेली असते, नखासारखी वाढत आणि झिजत राहते, मुळापासून मोडली तर पक्षी उपाशी मरतो. पिसं थोडी थोडी आपोआप गळतात आणि नवी येतात, उपटायची गरज नसते. डोंगरही लागत नाही.

बिस्कीट चहात पडलं. "अकरा वर्षं कोणी सांगितलं नाही मला."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या दिवशी मला फक्त पाहुणा हवा होता. पुढच्या प्रत्येक वर्षीही तेवढंच हवं होतं. पान फिरवायचं काम त्यांचं नव्हतं, माझं होतं.

"काका," मी म्हणालो. सर म्हणायचं टाळलं. "पुढच्या वेळी पानवेलीवर बोला. नुसतं पानवेलीवर. पडदा नको, बासरी नको. वाडीतली एक वेल घेऊन या."

"पानावर? ते काय भाषण झालं? ते तर आम्हाला येतंच."

"म्हणूनच."

ते बराच वेळ रिकाम्या कपात बघत होते. मग हसले. जाताना नारळ टेबलावरच ठेवून गेले. म्हणाले, "राहू दे, पुढच्या वेळी लागेल."

काल रात्री त्यांचा निरोप आला. भाषणाचा आराखडा पाठवलाय. मुद्दे नीट आहेत. जमीन, सावली, पाट, वेल उतरवणं, पान फिरवणं. शीर्षकही दिलंय : 'पानवेलीकडून गरुडझेपेकडे'.

वेलीचे मुद्दे पहिल्या चाळीस मिनिटांत बसतात. एकेचाळिसाव्या मिनिटाला शाळा सुटल्याची घंटा द्यायची, असं मी शिपाईमामांना सांगून ठेवलंय. वीज असो वा नसो, घंटा आमची पितळेची आहे.